व्हेनिस अर्ध्या दिवसात उरकायचे शहर नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळी सरली की पुढच्या उन्हाळ्याच्या युरोप सहलींच्या जाहिराती वर्तमानपत्रांत झळकू लागतात. दहा-बारा दिवसांत सहा-सात देश, आणि त्यात व्हेनिसच्या वाट्याला बहुधा अर्धा दिवस. बस त्रोंकेत्तोच्या वाहनतळावर थांबते. तिथून लाँचने सगळ्यांना सान मार्को चौकाजवळ उतरवतात, काच फुंकून घोडा कसा बनवतात ते दाखवतात, पाच-पाच जणांना गोंडोलात बसवतात, तासभर मोकळा सोडतात आणि रात्रीच्या मुक्कामाला मुख्य भूमीवरच्या मेस्त्रे किंवा पादोवाला घेऊन जातात. हे सगळे सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात होते, म्हणजे गर्दी ऐन भरात असते तेव्हा. मग ‘एवढे काही नाही तिथे, नुसती गर्दी आणि महागाई’ असा शेरा घेऊन माणसे परततात. हल्ली लग्नाचा पंचविसावा वाढदिवस किंवा निवृत्ती साजरी करायला आपापले जाणारी जोडपीही बरीच आहेत. पण आराखडा मात्र तीही या जाहिरातींतलाच उचलतात. त्यांनी बेटावर, म्हणजे खुद्द जुन्या व्हेनिसमध्ये, निदान दोन रात्री काढाव्यात, एवढ्याचसाठी हे पत्र.

कारण अगदी साधे आहे. दिवसापुरते येणारे लोक साडेनऊनंतर येतात आणि पाच-सहाच्या सुमारास परत फिरतात. सकाळी सातला सान मार्को चौकात झाडूवाले, मालाची हातगाडी ढकलणारे आणि कामावर निघालेले लोक एवढेच असतात. रात्री नऊनंतर दोर्सोदुरो किंवा कान्नारेज्यो या विभागांच्या गल्ल्यांत स्वतःच्या पावलांचा आवाज ऐकू येतो. शहर बघण्याच्या वेळा याच, आणि मेस्त्रेला राहणाऱ्याच्या हातून नेमक्या त्याच निसटतात. मेस्त्रेचे हॉटेल स्वस्त असते हे खरे, आणि तिथून सांता लुचिया स्थानक आगगाडीने दहा-बारा मिनिटांवर आहे. पण दिवसभर चालून थकलेले जोडपे संध्याकाळी तासभर टेकायला खोलीवर गेले, की पुन्हा बेटावर यायचा उत्साह उरत नाही. तीन रात्री मेस्त्रेला काढण्यापेक्षा त्याच पैशात दोन रात्री बेटावर काढाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

आरक्षण करताना स्थानकांच्या नावांकडे नीट पाहावे. ‘व्हेनेत्सिया मेस्त्रे’ मुख्य भूमीवर, ‘व्हेनेत्सिया सांता लुचिया’ बेटावर. विमानतळाचेही तसेच. मार्को पोलो विमानतळ खाडीच्या काठी आहे. स्वस्त विमाने ज्याला ‘व्हेनिस’ म्हणतात तो त्रेव्हिसोचा विमानतळ मात्र दूर, आतल्या बाजूला आहे.

हॉटेल निवडताना सान मार्कोपासून अंतर किती, यापेक्षा जवळचा बोटथांबा कोणता आणि तिथून दारापर्यंत पूल किती, हे विचारावे. शहरात चारशेहून अधिक पूल आहेत आणि बहुतेकांना दोन्ही बाजूंनी पायऱ्या आहेत. चाकांची मोठी बॅग प्रत्येक पुलावर उचलावी लागते, म्हणून दोघांत एक अवजड बॅग नेण्याऐवजी प्रत्येकी एक हलकी बरी. दुसरी अडचण पत्त्याची. शहराचे सहा विभाग आहेत: सान मार्को, कास्तेल्लो, कान्नारेज्यो, सान पोलो, सांता क्रोचे आणि दोर्सोदुरो. घरांना रस्त्याप्रमाणे नव्हे, विभागाप्रमाणे क्रमांक दिलेले आहेत. आपल्याकडे ‘अमुक क्रमांक, सदाशिव पेठ’ असा पत्ता असतो तसे. ‘कास्तेल्लो ४१२३’ एवढ्यावर घर सापडत नाही. गल्लीचे नाव, जवळच्या चौकाचे नाव आणि घरमालकाने पाठवलेला दाराचा फोटो, तिन्ही हाताशी हवे. एकाच नावाच्या गल्ल्या दोन-तीन विभागांत असतात. उंच भिंतींमध्ये फोनवरचा नकाशा भरकटतो आणि सरळ कालव्याच्या काठावर नेऊन सोडतो. कोपऱ्याकोपऱ्यावरच्या पिवळ्या पाट्यांवर रियाल्तो, सान मार्को, फेरोव्हिया म्हणजे रेल्वे स्थानक, यांचे बाण असतात. चुकल्यावर त्यांच्या मागे जावे.

प्रवेशकराबद्दल आपल्याकडे बराच गोंधळ दिसतो. २५ एप्रिल २०२४ पासून, वर्षातल्या ठरावीक दिवशी, सकाळी साडेआठ ते दुपारी चार या वेळात दिवसापुरते येणाऱ्यांकडून तो घेतात. पहिल्या वर्षी असे २९ दिवस होते, २०२५ मध्ये ५४. बहुतेक एप्रिल ते जुलैमधले. वेळेत भरला तर माणशी ५ युरो, ऐनवेळी भरला तर १०. व्हेनिस महापालिकेच्या हद्दीत मुक्काम असेल तर तो माफ आहे, आणि मेस्त्रे याच हद्दीत येते. पादोवा येत नाही, त्यामुळे तिथल्या हॉटेलात उतरलेल्यांना तो भरावा लागतो. ज्यांना माफी आहे त्यांनीही महापालिकेच्या संकेतस्थळावर हॉटेलचे नाव देऊन सवलतीचा क्यूआर कोड आधीच काढून ठेवायचा असतो, हे पुष्कळांना माहीत नसते. कोड नसताना तपासणीत सापडले तर ५० ते ३०० युरो दंड आहे. हॉटेल दर रात्री माणशी जो मुक्काम-कर घेते तो याहून वेगळा, पहिल्या पाच रात्रींपुरता, आणि बऱ्याचदा रोखीने मागतात.

मार्को पोलोवरून पियात्साले रोमाला, म्हणजे बेटाच्या तोंडाशी असलेल्या बसस्थानकाला, येणारी बस माणशी १० युरोंची, वीस-पंचवीस मिनिटांची. विमानतळावरून येणारी सार्वजनिक बोट महाग आणि संथ आहे, तासाहून अधिक वेळ घेते. पण हॉटेल तिच्या थांब्याजवळ असेल तर सामानासह पूल चढायचे वाचतात. शहरातल्या बोटींचा साधा पास या बोटीला चालत नाही. खासगी मोटरबोट शंभर युरोंच्या वर जाते.

शहरातली बस म्हणजे वॅपोरेटो ही सार्वजनिक बोट. एका तिकिटाला ९.५० युरो पडतात आणि ते ७५ मिनिटे चालते. २४ तासांचा पास २५ युरोंचा, ४८ तासांचा ३५, ७२ तासांचा ४५. हिशेब सोपा आहे: चोवीस तासांत तीन फेऱ्या होणार असतील तर पास, नाहीतर चालत. सरसकट तीन दिवसांचा पास घेणे वाया जाते, कारण शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तासाभरात चालत जाता येते. पासाचे तास पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून मोजतात. म्हणून दुपारी एकला पास सुरू करून एक क्रमांकाच्या बोटीने ग्रँड कॅनाल हा मुख्य कालवा पाहावा, रात्री दिवे लागल्यावर तोच मार्ग उलट करावा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पासावर बुरानो बेट गाठावे. परतीची बोटही एकच्या आत धरली की पंचवीस युरो पुरेपूर वसूल.

बोटीत चढण्यापूर्वी धक्क्यावरच्या यंत्राला कार्ड टेकवायचे असते, पास असला तरी प्रत्येक वेळी. न टेकवलेले तिकीट खिशात असले तरी दंड होतो आणि तपासनीस ‘माहीत नव्हते’ हे ऐकून घेत नाहीत. दुसरी चूक दिशेची. रियाल्तो, पियात्साले रोमा, सान झक्कारिया अशा मोठ्या ठिकाणी ए, बी, सी असे वेगवेगळे तरंगते धक्के असतात. बरोबर क्रमांकाची बोट चुकीच्या दिशेला जाणारी निघते. धक्क्यावरच्या फलकावर शेवटचा थांबा वाचावा आणि दोरी बांधणाऱ्या कर्मचाऱ्याला एकदा विचारावे. आधी उतरणाऱ्यांना वाट द्यावी आणि पाठीवरची सॅक काढून हातात घ्यावी. ती न काढणाऱ्यावर स्थानिक लोक वैतागतात आणि खिसेकापूंचेही लक्ष तिच्यावरच असते. एक क्रमांकाची बोट प्रत्येक थांबा घेते, पियात्साले रोमाहून सान मार्कोला पाऊण तासाच्या आत पोचते. मागच्या उघड्या भागात जागा मिळाली तर का’दोरो हा जुना वाडा, १५९१ मध्ये पुरा झालेला रियाल्तो पूल, का’फोस्कारी हा वाडा आणि शेवटी सालुते चर्चचा घुमट एकापाठोपाठ समोर येतात. निघण्याच्या थांब्यावरूनच बसावे, मधून चढणाऱ्याला ती जागा मिळत नाही.

आता गोंडोला. महापालिकेने ठरवलेला दर दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो आणि संध्याकाळी सातनंतर ३५ मिनिटांना ११० युरो आहे. तो बोटीमागे असतो, माणशी नाही. दोघे बसा की पाच. धक्क्यावर फलक असतो. बसण्यापूर्वी दर, वेळ आणि मार्ग तिन्ही बोलून घ्यावेत; गाणारा हवा असेल तर त्याचे वेगळे पैसे. सान मार्कोसमोरच्या धक्क्यावरून निघालेली गोंडोला उघड्या पाण्यात मोटरबोटींच्या लाटांवर हेलकावत राहते आणि मग त्याच चार कालव्यांत दुसऱ्या गोंडोलांच्या रांगेत अडकते. सान तोमा किंवा सान बार्नाबाच्या बाजूने, आतल्या अरुंद कालव्यांतून फेरी घ्यावी. वेळ निवडताना भरती-ओहोटी बघावी. पूर्ण ओहोटीला घरांच्या शेवाळलेल्या पायऱ्या उघड्या पडतात, उन्हाळ्यात वास येतो तो याच वेळी. फार भरती असली तर बुटक्या पुलांखालून बोट जात नाही. मधली वेळ उत्तम.

फेरी घेण्याआधी ही बोट जवळून पाहिली तर वल्हवणाऱ्याचे कसब कळते. ती जवळपास ११ मीटर लांब, तळ सपाट, आणि दोन्ही बाजू सारख्या नाहीत: डावी बाजू उजवीपेक्षा सुमारे २४ सेंटिमीटर रुंद ठेवलेली असते. एकच माणूस मागे डाव्या अंगाला उभा राहून उजवीकडे एकच वल्हे मारतो, तेव्हा सरळ बांधलेली बोट गोल फिरत राहिली असती. म्हणून रिकामी गोंडोला उजवीकडे कललेली दिसते. वल्हे ज्यात टेकते तो फोर्कोला अक्रोडाच्या लाकडाचा, वेड्यावाकड्या खाचांचा असतो. पुढे जायला एक खाच, मागे घ्यायला दुसरी, जागच्या जागी वळवायला तिसरी. आठ प्रकारच्या लाकडांचे २८० तुकडे जोडून ही बोट बनते. दोर्सोदुरोत सान त्रोव्हासोचा जुना कारखाना समोरच्या काठावरून फुकट दिसतो, उलट्या घातलेल्या बोटींना रंग देणे चालू असते. नव्वद युरो जास्त वाटत असतील तर ग्रँड कॅनाल ओलांडून देणारी त्रागेत्तो ही नाव म्हणजे जुनी गोंडोलाच आहे. दोन युरोंत पलीकडे सोडते. सांता सोफियाहून रियाल्तो बाजाराकडे आणि सान तोमाला ती मिळते.

सान मार्कोच्या बॅसिलिकात, म्हणजे चौकातल्या मोठ्या चर्चमध्ये, खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पाठीवरची सॅक आत चालत नाही, आणि रविवारी सकाळी प्रार्थना असल्याने पर्यटकांना दुपारनंतरच सोडतात. ऑनलाइन वेळ घेतली की बाहेरची रांग टळते. वरच्या मजल्याचे तिकीट वेगळे आहे आणि ते घ्यावेच, कारण १२०४ मध्ये कॉन्स्टँटिनोपलहून लुटून आणलेले कांस्याचे चार घोडे तिथे आहेत. बाहेर सज्ज्यावर दिसतात त्या प्रतिकृती. नेपोलियनने १७९७ मध्ये ते पॅरिसला नेले होते, १८१५ मध्ये परत आले. शेजारच्या दोजेंच्या, म्हणजे जुन्या व्हेनिस प्रजासत्ताकाच्या प्रमुखांच्या, राजवाड्याचे तिकीट तीस दिवस आधी घेतले तर स्वस्त पडते, आणि त्याच तिकिटावर चौकापलीकडचे कोर्रेर संग्रहालयही पाहता येते. सकाळी उघडता उघडता आत शिरावे आणि थेट महासभेच्या दालनात जावे. चित्रकार तिंतोरेत्तोचे ‘स्वर्ग’ हे भिंतभर चित्र गर्दी नसताना पाहण्यासारखे आहे. चौकातला ९८ मीटरचा मनोरा १९०२ मध्ये कोसळला आणि १९१२ मध्ये जसाच्या तसा पुन्हा बांधला. त्यावर चढायला लांब रांग असते. समोरच्या सान जोर्ज्यो बेटावरच्या मनोऱ्यालाही लिफ्ट आहे, रांग लहान, आणि तिथून सान मार्कोचा मनोराही दृश्यात येतो. माझी शिफारस त्याचीच.

एखादी दुपार चित्रांसाठी ठेवावी. फ्रारी चर्चमधले चित्रकार तित्सियानोचे (टिशनचे) १५१८ सालचे ‘स्वर्गारोहण’ आणि लगत असलेले स्कुओला सान रोक्को हे जुन्या धर्मादाय मंडळाचे सभागृह, दोन्ही दोन तासांत होतात. सान रोक्कोच्या छतावर तिंतोरेत्तोची चित्रे आहेत. मान दुखू नये म्हणून तिथे हातात धरायचे आरसे ठेवलेले असतात, ते उचलून खाली बघत चालावे.

दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांसाठी पाण्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण ऑक्टोबर ते जानेवारी हाच मोठ्या भरतीचा काळ. १९६६ मध्ये पाणी (रस्त्यापासून नव्हे, समुद्रपातळीच्या ठरावीक खुणेपासून मोजलेले) १९४ सेंटिमीटरवर गेले होते, नोव्हेंबर २०१९ मध्ये १८७ वर. ऑक्टोबर २०२० पासून खाडीच्या तीन तोंडांवर बसवलेले ७८ दरवाजे वर येऊन समुद्र अडवतात आणि तेवढे मोठे संकट आता टळते. तरी सान मार्को चौकात पाणी दिसते, तेव्हा लोकांना वाटते की यंत्रणा बंद पडली. तसे नसते. दरवाजे साधारण ११० सेंटिमीटरचा अंदाज असेल तेव्हाच उभे करतात, आणि चौक ८०-८५ सेंटिमीटरलाच ओला होऊ लागतो, कारण शहराचा तो सर्वांत सखल भाग आहे. पाणी काठावरून ओसंडून येत नाही, फरशीखालच्या गटारांच्या जाळीतून वर येते. बॅसिलिकाभोवती आता काचेची भिंत आहे, त्यामुळे आत कोरडे राहते. लाकडी फळ्यांची वाट घालतात. तिच्यावर उजव्या बाजूने चालावे आणि फोटोसाठी थांबू नये. तीन-चार तासांत पाणी उतरते. महापालिकेच्या भरती केंद्राचा अंदाज आदल्या दिवशी पाहिला तर राजवाडा दुपारी ठेवायचा की सकाळी, हे ठरवता येते. पाणी चढले की काही बोटी पुलाखालून जाऊ शकत नाहीत आणि मार्ग बदलतात, एवढे विमान किंवा गाडी गाठायची असेल त्या दिवशी लक्षात असू द्यावे.

शाकाहारी जोडप्यांची पंचाईत पदार्थांच्या नावांनी होते. ‘बिगोली इन साल्सा’ या पास्त्यात नुसता सॉस नसतो. त्यात कांद्याबरोबर अँचोव्ही मासा विरघळलेला असतो, दिसतही नाही. भाजीची म्हणून मागवलेली रिसोत्तो, म्हणजे मऊ भात, माशाच्या पाण्यात शिजवलेली असू शकते. मटार-भाताच्या ‘रिझी ए बिझी’त डुकराचे मांस घालतात. पार्मेजान चीज वासराच्या रेनेटचे, म्हणजे त्याच्या जठरातल्या विरजणाचे, असते. ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे’ म्हणजे मांस नको, मासे नकोत, आणि ‘सेन्झा ब्रोदो दी पेशे’ म्हणजे माशाचे पाणी नको, ही वाक्ये लिहून दाखवावीत. मरिनारा पिझ्झ्यात टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल एवढेच असते. मासे खाणाऱ्यांनी मेन्यूवर किमतीपुढे ‘एत्तो’ दिसले की थांबावे: ती किंमत शंभर ग्रॅमची असते. मासा वजन करून दाखवायला सांगावे आणि पूर्ण आकडा विचारावा, नाहीतर बारा युरोंचा मासा पानात पडेपर्यंत साठचा होतो. ‘कोपेर्तो’ हा बसण्याचा माणशी आकार बिलात येणारच. स्वयंपाकघरे अडीच-तीनला बंद होतात ती सातला उघडतात. मधल्या वेळी बाकारोत, म्हणजे छोट्या मद्यगृहात, उभ्याने चिकेत्ती, म्हणजे छोटे चटकदार पदार्थ, खाव्यात. कॉफी काउंटरवर उभे राहून घेतली तर दीड-दोन युरोंत मिळते. चौकातल्या वाद्यवृंदासमोर बसून तिला कितीतरी पट पैसे पडतात, शिवाय संगीताचा आकार वेगळा. पाणी विकत घेऊ नये. चौकाचौकांत पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत. सान मार्कोत पायऱ्यांवर बसून डबा खाल्ला, कबुतरांना दाणे टाकले किंवा कालव्याच्या पाण्यात उतरले, तर दंड होतो.

बेटांपैकी बुरानो आणि तोर्चेल्लोला आधी जावे, काचकामाचे मुरानो परतीच्या वाटेवर ठेवावे. फोंदामेंते नोव्हेच्या धक्क्यावरून बारा क्रमांकाची बोट बुरानोला पाऊण तासात पोचते. दुपारी तीननंतर परतीची रांग एका बोटीत मावत नाही. हॉटेलवाले मुरानोची ‘मोफत बोट’ देऊ करतात. ती थेट एका दुकानात नेते आणि घासाघीस करून थकवते. स्वतःच्या पासावर जावे. काच घ्यायचीच असेल तर ‘वेत्रो आर्तिस्तिको मुरानो’ हे चिन्ह पाहावे. कार्डाने पैसे देताना यंत्र ‘रुपयांत की युरोत’ विचारते तेव्हा युरो निवडावेत, नाहीतर दर वाईट लागतो.

व्हिसाची भेट एप्रिल-मे-जूनसाठी लवकर भरते. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, शुल्क ९० युरो, आणि ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतो. जर्मनी किंवा स्वित्झर्लंडमार्गे जाणाऱ्यांची पासपोर्ट तपासणी तिथेच होते. आता बोटांचे ठसे आणि फोटोही घेतात, म्हणून पुढच्या विमानाला निदान तीन तासांचे अंतर ठेवावे.

शेवटी सहल कंपन्यांना एक विनंती. पत्रकात ‘व्हेनिस’ छापताना मुक्काम बेटावर आहे, मेस्त्रेला की पादोवाला, बेटावर प्रत्यक्ष किती तास मिळणार आणि प्रवेशकर कोण भरणार, या तीन गोष्टी स्पष्ट छापाव्यात. आपल्या पर्यटन पुरवणीनेही जाहिरात घेताना एवढी माहिती मागावी. लाखो रुपये भरणाऱ्या ग्राहकाला ती पैसे भरण्याआधी मिळायला हवी.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे